रोज थोडासा करंट दिला की मेंदूला फिटची कायमची सवय लागते, हे खरं का?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय, त्यांचा प्रश्न थोडक्यात सांगते. मुलगा २३ वर्षांचा, महापेला नाईट शिफ्ट करतो. दोन वर्षांपूर्वी पहिली फिट आली, चार महिन्यांनी दुसरी, मग गोळ्या सुरू झाल्या. मध्ये नात्यातल्या कोणीतरी सांगितलं म्हणून आठ महिने गोळ्या बंद ठेवून दुसरंच औषध दिलं, आणि त्या काळात तीन फिट आल्या. आता गोळ्या परत चालू आहेत. पण त्यांनी किंडलिंगबद्दल वाचलं, की उंदराच्या मेंदूला रोज अगदी कमी करंट दिला तर काही दिवसांनी त्याला पूर्ण फिट यायला लागते आणि ते आयुष्यभर राहतं. तर हे नक्की होतं कसं, आणि त्या तीन फिटनी माझ्या मुलाच्या मेंदूचं पण तसंच झालं का, म्हणजे मीच माझ्या हाताने त्याचं नुकसान केलं का, असं त्या विचारतात.

ताई, शेवटचं आधी घेते, कारण तुमची झोप त्यानेच उडालीय. उंदरातल्या त्या प्रयोगावरून तुमच्या मुलाच्या मेंदूबद्दल असा निकाल देता येत नाही, मी देणार नाही आणि तुम्ही पण स्वतःवर देऊ नका. गोळ्या बंद करणं चूक होतं, ते मी गोड करून सांगणार नाही, पण ते ज्या कारणाने चूक होतं ते कारण वेगळं आहे. का ते समजायचं तर किंडलिंग म्हणजे काय ते नीट बघावं लागेल, कारण अर्धवट वाचलं की ते फार भीतीदायक वाटतं आणि पूर्ण समजलं की मेंदूबद्दल एक वेगळीच गोष्ट कळते.

मी न्यूरॉलॉजिस्ट आहे, ठाण्यात नौपाड्याला ओपीडी करते, २४ वर्षं झाली. डीएमला, म्हणजे न्यूरॉलॉजीच्या डिग्रीला, जायच्या आधी दीड-दोन वर्षं एका लॅबमध्ये हेच काम केलं होतं, उंदरांवर किंडलिंग, त्यामुळे हे फक्त पुस्तकातलं सांगत नाहीये, पिंजऱ्यासमोर घड्याळ घेऊन बसून बघितलेलं आहे.

गोष्ट सुरू होते कॅनडात. ग्रॅहम गोडार्ड नावाचे शास्त्रज्ञ फिटवर काम करतच नव्हते, त्यांना शिकणं आणि आठवण यात रस होता. मेंदूत खोलवर अमिग्डला म्हणून बदामाच्या आकाराचा एक भाग असतो, भीती-राग वगैरेशी संबंधित, तिथे बारीक तार बसवून करंट दिला तर उंदराच्या शिकण्यावर काय परिणाम होतो हे ते बघत होते. करंट किती, तर साधारण ५० मायक्रोॲम्पिअर, म्हणजे एका ॲम्पिअरचा वीस हजारावा भाग, दिवसातून एकदा, एक मिनिट. पहिल्या दिवशी उंदराला काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशी नाही. पण करंट तेवढाच ठेवूनसुद्धा काही दिवसांनी त्याच उंदरांना झटके यायला लागले आणि मग पूर्ण फिट. त्यांनी हे १९६७ मध्ये नेचरमध्ये छोटंसं छापलं आणि १९६९ मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर सविस्तर लिहिलं, आणि त्या पेपरच्या नावातच कायमचा बदल असा शब्द होता.

किंडलिंग हा शब्द चूल पेटवण्यातला आहे. आमच्या आजीकडे पाण्याचा बंब होता, त्यात आधी ढलप्या, चिपाडं, नारळाची किशी टाकून जाळ धरायचा आणि मग मोठं लाकूड. एक काडी मोठं लाकूड पेटवू शकत नाही, पण बारीक बारीक जाळ साठत गेला की पेटतं. तेवढ्यापुरती उपमा बरोबर आहे. पण बंब विझतो, राख काढली की तो काल होता तसा थंड, आणि इथे मात्र मेंदू परत काल होता तसा होत नाही. म्हणून मला स्वतःला ही उपमा कमी आणि शाळेतल्या पाढ्याची उपमा जास्त पटते, एकदा पाठ झाला की झाला.

आता प्रत्यक्ष काय दिसतं ते सांगते. करंट बंद केल्यावरसुद्धा त्या जागच्या पेशी काही सेकंद स्वतःहून एका तालात फटाफट पेटत राहतात, ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखावर, उंच टोकं दिसतात, याला आफ्टरडिस्चार्ज म्हणतात. सगळा खेळ याचा आहे. करंट इतका कमी असेल की हे आफ्टरडिस्चार्ज उठतच नाही, तर फिटकडे वाटचाल होत नाही. पहिल्या दिवशी ते काही सेकंद असतं आणि तिथल्या तिथेच, उंदीर फार तर एक क्षण थांबतो. रोज ते लांबत जातं, शेवटी मिनिटभर किंवा जास्त, आणि पसरत जातं, त्याच बाजूला, मग पलीकडच्या बाजूला. आणि ते उठवायला लागणारा कमीत कमी करंट, थ्रेशोल्ड म्हणतो आम्ही, तो खाली येत जातो.

बाहेरून जे दिसतं त्याला रॉनल्ड रसीन यांनी १९७२ मध्ये पाच पायऱ्या लावल्या आणि त्या आजही जगभर वापरतात, आम्हीपण वहीत तेच आकडे लिहायचो. पहिली पायरी, तोंड हलवणं, काहीतरी चावल्यासारखं. दुसरी, मान डोलावणं. तिसरी, पुढच्या पायांना झटके. चौथी, मागच्या पायांवर उभं राहून झटके. पाचवी, उभं राहून तोल जाऊन पडणं. अमिग्डलामध्ये तार असेल तर उंदराला पाचव्या पायरीला यायला साधारण पंधरा दिवस लागतात, थोडं मागेपुढे. हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणींशी संबंधित भागात, जास्त वेळ लागतो. आणि सेरिबेलममध्ये, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत, किती दिवस दिलं तरी होत नाही. मेंदूचे सगळे भाग सारखे नाहीत, काही भाग शिकायला फार तयार असतात आणि नेमके तेच भाग फिटही पटकन शिकतात.

लॅबमध्ये आम्ही तारेपेक्षा जास्त करून पीटीझेड वापरायचो, पेंटिलीनटेट्राझॉल, ते रसायन मेंदूचा गाबा नावाचा ब्रेक ढिला करतं. एक दिवसाआड फिट येणार नाही इतकाच छोटा डोस, मग अर्धा तास समोर बसून बघायचं. पहिल्या आठवड्यात वहीत शून्य, शून्य, एक, शून्य. चौथ्या-पाचव्या आठवड्यात त्याच उंदराला त्याच डोसला चार, पाच. डोसची सिरिंज तीच असायची, आत भरलेलं औषध तेवढंच, हे मी दर वेळी दोनदा तपासायचे, कारण विश्वास बसायचा नाही. बदललेला असायचा तो समोरचा प्राणी.

हे तारेच्या जखमेमुळे होतं का, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. नुसती तार खोचून ठेवली, करंट दिला नाही, तर काही होत नाही. वेगवेगळ्या धातूंच्या तारा वापरल्या, तरी होतं. आणि एका जागी किंडलिंग पूर्ण झालं की दुसऱ्या जागी, अगदी दुसऱ्या बाजूला, तेच करायला खूप कमी दिवस लागतात, आणि पहिली जागा नष्ट केली तरी हा फायदा राहतो. म्हणजे बदल तारेच्या टोकाशी नाही, पसरलेल्या जोडण्यांमध्ये झालाय. जखम असती तर असं झालं नसतं.

आता मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट, जी लोक वाचताना सोडून देतात, ती म्हणजे मधला वेळ. तुम्ही म्हणाल, रोज एकदा करंट देऊन पंधरा दिवसांत होतं तर दिवसातून पन्नास वेळा देऊन एका दिवसात उरकेल. नाही होत. गोडार्डनी पाहिलं की वीस मिनिटं किंवा त्याहून कमी अंतराने लागोपाठ करंट दिला तर उंदीर बहुतेक वेळा फिटपर्यंत पोचतच नाही, मेंदू जणू त्याला सरावतो. कमीत कमी वेळा करंट देऊन काम होतं ते चोवीस तासांच्या अंतराने. आठवड्यातून एकदा दिलं तरी होतं. पुढे लोकांनी वेगळी सेटिंग लावून झटपट किंडलिंगच्या पद्धती काढल्या, पण मूळ मुद्दा राहतोच, की बदल घडतो तो करंट चालू असताना नाही, तो बंद झाल्यावर, पुढच्या काही तासांत. करंट फक्त निरोप देतो. त्यानंतर मेंदू आतल्या आत काम करतो, जीन चालू होतात, प्रोटीन बनतात, जोडण्या बदलतात, आणि त्याला वेळ लागतो. प्रोटीन बनणं औषधाने अडवलं तर किंडलिंग लांबतं, हेही बघितलं गेलंय. शाळेच्या मुलांना आपण सांगतो ना, की एका रात्रीत पाठ केलेलं टिकत नाही, रोज थोडं कर, तेच.

आणि पेशींच्या पातळीवर यंत्रणासुद्धा बरीचशी शिकण्याचीच आहे. ग्लुटामेट नावाचं द्रव्य एका पेशीतून सुटतं, समोरच्या पेशीवर एनएमडीए नावाचा एक दरवाजा असतो, तो सहज उघडत नाही, समोरची पेशी आधीच चांगली जागी असेल तेव्हाच उघडतो, आणि उघडला की कॅल्शियम आत शिरतं. त्या कॅल्शियमवरून पेशीला कळतं की ही जोडणी कामाची आहे, मजबूत करा. १९७३ मध्ये ब्लिस आणि लोमो यांनी सशांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दाखवलं की जोरदार करंटनंतर जोडण्या कितीतरी तास मजबूत राहतात, आणि आपण शिकतो ते कसं याचं आजचं स्पष्टीकरण बरंचसं तिथून येतं. एनएमडीएचा दरवाजा औषधाने बंद ठेवला तर उंदराचं किंडलिंग मंदावतं. म्हणजे जी सोय देवाने आपल्याला पाढे पाठ करायला दिलीय, तीच इथे फिट पाठ करायला वापरली जाते.

पुढचा टप्पा बीडीएनएफ. हे मेंदूतलं खत समजा, पेशींना वाढवतं, जोडण्या पक्क्या करतं. फिट आली की याचं प्रमाण वाढतं. ते ज्या कुलपात बसतं त्याचं नाव ट्रकबी. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात जेम्स मॅकनमारा यांच्या ग्रुपने २००४ मध्ये दाखवलं की ज्या उंदरांच्या पेशींमधून हे कुलूपच काढून टाकलं, त्यांना करंट दिल्यावर आफ्टरडिस्चार्ज उठतं, पण किंडलिंग पुढे सरकतच नाही, कितीही दिवस द्या. ठिणगी पडते, पण पेटत नाही. मला हा प्रयोग वाचून त्या रात्री झोप लागली नव्हती, कारण पहिल्यांदाच फिट येणं आणि फिटची सवय लागणं या दोन गोष्टी इतक्या स्पष्ट सुट्या झालेल्या दिसल्या. २०१३ मध्ये त्याच ग्रुपने दाखवलं की उंदराला खूप लांबलेली फिट येऊन गेल्यावर हे कुलूप फक्त दोन आठवडे बंद ठेवलं तर पुढे होणारी एपिलेप्सी टळते. माणसासाठी असं औषध अजून हातात नाही, पण दिशा ती आहे.

वायरिंगही बदलतं. हिप्पोकॅम्पसमधल्या काही पेशींच्या तंतूंना नवे फुटवे येतात आणि ते पुढे जायचं सोडून मागे वळून आपल्याच जातीच्या पेशींना जोडले जातात. १९८८ मध्ये किंडलिंग झालेल्या उंदरांत हे दाखवलं गेलं. मात्र हे फुटवे फिटचं कारण आहेत की परिणाम, यावर वाद आहे आणि मी तरी ते एकटं कारण मानत नाही. ब्रेकचं, म्हणजे गाबाचं, पण तसंच. सरसकट ब्रेक फेल होतात असं नाही, एखाद्या भागात कमी होतात आणि दुसऱ्या भागात तर सुरुवातीला वाढलेले दिसतात, जणू मेंदू सांभाळून घ्यायला बघतोय. त्यामुळे कोणी तुम्हाला एका वाक्यात सांगितलं की किंडलिंग म्हणजे अमुक केमिकल वाढतं, तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नका.

आता ताई, तुमच्या प्रश्नाच्या जवळ येते. किंडलिंग झालेला उंदीर, पाचव्या पायरीला पोचलेला, पिंजऱ्यात ठेवून दिला, करंट बंद. त्याला फिट येतात का? नाही येत. खातो, झोपतो, फिरतो, बाकीच्यांसारखाच. तीन महिन्यांनी परत तोच छोटा करंट द्या, पहिल्या-दुसऱ्या वेळेलाच पूर्ण फिट. म्हणजे कायम राहते ती तयारी, आजार नाही. मनाने अशी कल्पना करा की काडेपेटी खिशात आहे, पण काडी कोणीतरी बाहेरून ओढावी लागते. आपोआप फिट यायला लागाव्यात असं वाटत असेल तर करंट देत राहावं लागतं, १९७८ मध्ये पिनेल आणि रोव्हनर यांनी तेवढी चिकाटी दाखवली आणि त्यांच्या उंदरांना तीनशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त वेळा करंट दिल्यावर आपोआप फिट यायला लागल्या. तीनशे. तुमच्या मुलाच्या तीन.

आणि उंदीर म्हणजे माणूस नाही. प्राणी जसा वरच्या पायरीचा तसं किंडलिंग हळू आणि कठीण होत जातं. जुन वाडा, तेच ज्यांच्या नावाची टेस्ट आम्ही फिटच्या ऑपरेशनच्या आधी वापरतो, त्यांनी मांजरांवर आणि माकडांवर हे केलं. ऱ्हीसस माकडं महिनोन्महिने करंट देऊनही सहज शेवटच्या पायरीला आली नाहीत, पण सेनेगलचे बबून, ज्यांना जन्मजातच लखलखत्या प्रकाशाने फिट येण्याची प्रवृत्ती असते, ते आले. म्हणजे मूळ मातीत काय आहे त्याला फार महत्त्व आहे.

मग माणसात फिटने फिट वाढते की नाही? हा वाद माझ्या जन्माच्या खूप आधीचा आहे. लंडनच्या गोवर्स यांनी १८८१ मध्येच लिहून ठेवलं की प्रत्येक झटका पुढच्या झटक्याची वाट सोपी करतो. अनेक डॉक्टर आजही पेशंटला हेच वाक्य सांगून घाबरवतात, हेतू चांगला असतो, गोळ्या घ्याव्यात म्हणून. दिसायला खरंही दिसतं, कारण उपचाराआधी ज्यांना खूप फिट येऊन गेल्या त्यांचा आजार पुढेही हट्टी निघतो. पण इथे घोटाळा होतो. ठाण्यात वंदना सिनेमाजवळ दर पावसाळ्यात पाणी तुंबतं, आपण सगळ्यांनी गुडघाभर पाण्यातून गाडी ढकललीय, पण मागच्या वर्षीच्या पाण्याने यंदाचं पाणी आणलं असं कोणी म्हणत नाही, तो भागच सखल आहे. तसं ज्याचा आजार मुळातच जोरदार, त्याला सुरुवातीलाही जास्त फिट येतात आणि नंतरही.

हे वेगळं काढायला एकच मार्ग, लोकांचे दोन गट करायचे, एकाला लगेच गोळी, दुसऱ्याला थांबून. असा मोठा अभ्यास ब्रिटनच्या पुढाकाराने झाला, २००५ मध्ये छापून आला, १४४३ पेशंट. लगेच गोळी घेतलेल्यांना सुरुवातीच्या काळात फिट कमी आल्या, हे अपेक्षितच. पण पाच वर्षांनी बघितलं, तिसऱ्या ते पाचव्या वर्षात एकही फिट न आलेले किती, तर लगेच गोळी घेतलेल्यांत ७६ टक्के आणि थांबलेल्यांत ७७ टक्के. मधल्या काळातल्या त्या जास्तीच्या फिटनी मेंदूला कायमची सवय लावली असती तर हे आकडे असे बरोबरीत आले नसते. हे पेशंट नव्याने सुरुवात झालेले, थोड्या फिटवाले होते, वर्षानुवर्षं शेकडो फिट येणाऱ्यांना हा निकाल जसाच्या तसा लावता येत नाही. पण तुमच्या मुलासारख्यांना तो लागतो.

आणखी एक. उंदरात काही औषधं किंडलिंग होण्यालाच मंद करतात, फिनोबार्बिटल, व्हॅल्प्रोएट. काही औषधं फिट थांबवतात पण प्रक्रिया थांबवत नाहीत, फेनिटॉइन त्यातलं. यावरून आशा होती की डोक्याला मार लागल्यावर लगेच औषध दिलं तर पुढची एपिलेप्सी टाळता येईल. १९९० मध्ये ४०४ जखमींवर फेनिटॉइन देऊन बघितलं, पहिल्या आठवड्यातल्या फिट १४.२ टक्क्यांवरून ३.६ वर आल्या, पण नंतरच्या फिटमध्ये फरक नाही. नंतर व्हॅल्प्रोएट देऊन बघितलं, तरी नाही. म्हणजे आपल्या आजच्या गोळ्या फिट दाबतात, मुळातली तयारी पुसत नाहीत, आणि हे मी प्रत्येक पेशंटला स्वच्छ सांगते, कारण नाहीतर लोक सहा महिने फिट आली नाही की बरं झालं म्हणून गोळी सोडतात. तुमच्या मुलाला जी लेव्हेटिरासेटम चालू आहे तिची गंमत म्हणजे औषध शोधायच्या नेहमीच्या दोन चाचण्यांत ती नापास झाली होती, किंडलिंग झालेल्या उंदरांत मात्र चालली. त्या प्रयोगातून तुम्हाला भीती मिळाली, ताई, पण मुलाच्या गोळीची ताकदही तिथेच दिसली.

मग माणसात किंडलिंगसारखं काहीच नसतं का? एका जागी मला ते ओपीडीत दिसतं असं प्रामाणिकपणे वाटतं, ते म्हणजे दारू. दर वर्षी श्रावण लागला की आमच्याकडे एक ठरलेली गर्दी होते. रोज पिणारा माणूस गटारीला भरपूर पितो आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळतो, एकदम बंद. शेवटच्या पेगनंतर सहा ते अठ्ठेचाळीस तासांत हात थरथरतात आणि काहींना फिट येते. पहिल्या वर्षी नुसती थरथर, पुढच्या वर्षी घाम आणि घाबरं, तिसऱ्या वर्षी फिट, पिण्याचं प्रमाण तेच. १९७८ मध्ये बॅलेंजर आणि पोस्ट यांनी मांडलं होतं की वारंवार एकदम सोडणं हे मेंदूला किंडलिंगसारखं चढत जातं, आणि पुढे असंही दिसलं की ज्यांची अशी सोडवणूक जास्त वेळा झाली त्यांना फिट जास्त येतात. कोणाच्या घरात असं कोणी असेल तर दारू जरूर सोडा पण डॉक्टरला सांगून, औषधाच्या आधाराने सोडा. हे मी हात जोडून सांगते, गेल्या श्रावणात कळव्याचा एक रिक्षावाला, जेमतेम चाळिशीचा, फिट येऊन जिन्यावरून पडलेला आणला होता.

याच्याबरोबर दुसरा प्रश्न नेहमी येतो, मग मानसोपचारातले शॉक? ईसीटीमध्ये तर मुद्दाम फिट आणतात, आठवड्यातून दोन-तीनदा, त्याने किंडलिंग होत नाही का? उलटं होतं. कोर्स पुढे जाईल तसा थ्रेशोल्ड वर चढतो, फिट आणायला जास्त करंट लागतो. उंदरांना आधी पूर्ण मेंदूचे शॉक दिले तर नंतरचं किंडलिंग मंदावतं. एका कोपऱ्यात रोज हळूच केलेली कुजबुज आणि सगळ्या मेंदूला एकदम दिलेला धक्का, याला मेंदू वेगवेगळं उत्तर देतो. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू ढिले करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देता येत नाही. घरात कोणाला ईसीटी सुचवलं असेल तर किंडलिंगच्या भीतीने नाही म्हणू नका.

तर ताई, त्या आठ महिन्यांचं. त्या तीन फिटनी एवढंच सांगितलं की गोळीशिवाय त्याला फिट येतात, म्हणजे गोळीची गरज खरी आहे. खरा धोका मेंदूला सवय लागण्याचा नव्हता, त्या तीन वेळांपैकी एखादी वेळ ठाणे-वाशी लोकलच्या दारात उभा असताना आली असती तर, हा होता. बाथरूमची कडी आतून लावलेली असताना, बाईकवर असताना, झोपेत एकटा असताना, हे धोके आहेत आणि यासाठी गोळी चुकवायची नाही. ते टळलं. आता स्वतःला माफ करा आणि पुढचं बघा.

पुढचं म्हणजे नाईट शिफ्ट. झोप मोडणं हे फिटसाठी बाहेरून काडी ओढण्यासारखंच आहे, आणि शिफ्ट दर आठवड्याला फिरती असेल तर जास्तच. डॉक्टरांकडून पत्र घेऊन एचआरकडे द्या, ऐरोली-महापेच्या बऱ्याच ऑफिसात दिवसाची शिफ्ट मिळालेली माझ्या ओपीडीतली पोरं आहेत. गोळीची वेळ शिफ्टप्रमाणे बदलायची नाही, मोबाईलला गजर लावायचा. एक वेळची गोळी राहिली तर काय करायचं ते तुमच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून कागदावर लिहून ठेवा. या गोळीने काहींना चिडचिड होते, तो आई-बापावर ओरडायला लागला असेल तर ते त्याचा स्वभाव बिघडला म्हणून नसेल, तेही सांगा. बाईक सध्या बंद, पोहायला एकटं नाही. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बोट काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा एक संपून शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली तर थेट हॉस्पिटल. फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे मिळतो, तो घरात ठेवायचा का आणि किती मारायचा ते डॉक्टरांना विचारा.

आणि तुम्ही एमआरआय झाला एवढंच लिहिलंय, काय दिसलं ते लिहिलं नाहीत. आपल्याकडे टेपवर्मच्या गाठीमुळे फिट येणारे खूप असतात आणि त्यांचा उपचार, गोळ्या किती वर्षं, हे सगळं वेगळं असतं. टेम्पोरल लोबमध्ये, म्हणजे कानाच्या बाजूच्या मेंदूत, हिप्पोकॅम्पस आक्रसलेला असेल आणि दोन योग्य औषधं नीट देऊनही फिट थांबल्या नाहीत तर ऑपरेशनचा विचार लवकर करायचा असतो, दहा वर्षं थांबून नाही. म्हणून पुढच्या व्हिजिटला रिपोर्टचा कागद नको, सीडी घेऊन जा, आणि फिटच्या तारखा, वेळ, आदल्या रात्री किती तास झोपला होता हे लिहिलेली वही. कोणी मोबाईलवर व्हिडिओ काढला असेल तर तो आधी दाखवा, सुरुवातीचे दहा सेकंद त्यात असतील तर मला ईईजीपेक्षा त्यातून जास्त कळतं.